आकडा कुणाचा?

आमच्या शाळेच्या क्रिकेट संघासाठी नवे शर्ट शिवून आले, तेव्हाची गोष्ट. पाठीवर मोठे मोठे आकडे होते. गठ्ठा सोडताच दोन मुलांनी सातच्या शर्टाला दोन बाजूंनी धरले आणि ओढाताण सुरू झाली. "सर, सात माझा!" "नाही सर, मी आधी सांगितलं होतं!" तेवढ्यात तिसरा एक मुलगा मोठ्या माणसासारखा पुढे आला आणि म्हणाला, "सर, सात कुणालाच द्यायचा नाही. तो धोनीचा आहे."

पोराचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. धोनीचा सात आता दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, असे ठरल्याची बातमी डिसेंबर २०२३ मध्ये आली होती. सचिनच्या दहाचेही तसेच. पालघरच्या शार्दूल ठाकूरने २०१७ साली श्रीलंकेत दहाचा शर्ट घातला, तर लोकांनी त्याच्यावर केवढा राग काढला! बिचाऱ्याने पुढे चोपन्न आकडा घेतला. मी चिठ्ठ्या टाकून भांडण मिटवले. पण पुढच्याच तासाला गणित होते, आणि तीच मुले 'साती आठी छप्पन्न' म्हणत होती. त्या वेळी कुणालाही धोनीची परवानगी घ्यावीशी वाटली नाही.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. आकडा कुणाचा असू शकतो का?

शर्टाचे सोडून देऊ. तिथे मालकी आकड्याची नसते, पाठीवरच्या जागेची असते. मोटारीला पसंतीचा नंबर मिळावा म्हणून परिवहन कार्यालयात हौसेने पैसे मोजणारे लोक असतात. तेही पाटीवरची जागाच विकत घेतात. इंटेल या अमेरिकन कंपनीला मात्र खरोखर आकड्यावर नाव घालायचे होते. संगणकाच्या तिच्या एका चिपेला '३८६' म्हणत. दुसऱ्या कंपनीनेही आपल्या चिपेला ३८६ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा इंटेल न्यायालयात गेली. १९९१ साली न्यायालयाने सांगितले की हा आकडा आता सर्वांच्या तोंडी झाला आहे. तो एकट्याची खूण होऊ शकत नाही. म्हणून १९९३ साली पुढची चिप आली ती '५८६' होऊन आली नाही, तर 'पेंटियम' असे नाव धारण करून आली. नावाला मालक मिळतो, आकड्याला मिळत नाही, एवढा धडा त्या कंपनीने घेतला.

१९९१ सालीच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कॅन्सासमधल्या एका टेलिफोन कंपनीचा खटला निकाली निघाला. तिने आपल्या गिऱ्हाइकांची नावे आणि नंबर यांची डिरेक्टरी छापली होती. फाइस्ट नावाच्या प्रकाशकाने त्यातली नावे उचलून आपल्या मोठ्या डिरेक्टरीत घातली. चोरी पकडली कशी? मूळ कंपनीने काही खोटी नावे मुद्दाम पेरून ठेवली होती, आणि त्यांतली चार नव्या डिरेक्टरीत जशीच्या तशी उगवली! आम्हा शिक्षकांना या युक्तीचे अप्रूप नाही. शेजाऱ्याच्या वहीतले उत्तर उतरवणारा मुलगा त्याची चूकसुद्धा इमानाने उतरवतो, आणि त्या चुकीवरूनच सापडतो. पण न्यायालयाने निकाल दिला तो उतरवणाऱ्याच्या बाजूने. नुसते कष्ट केले म्हणून हक्क मिळत नाही. त्यात रचणाऱ्याचे स्वतःचे असे काही तरी असावे लागते. गावातल्या लोकांचे नंबर अकारविल्हे लावण्यात स्वतःचे ते काय?

हे वाचून मला बरे वाटले होते. आकडे हवेसारखे मोकळे आहेत, अशी माझी समजूत पक्की झाली. तिला तडा गेला तो एका ३८ अंकी संख्येची हकीकत वाचून.

ती अशी. चित्रपट साठवण्याच्या नव्या, दाट तबकड्या बाजारात आल्या, तेव्हा मोठमोठ्या चित्रपट आणि यंत्र कंपन्यांनी मिळून त्यांच्यासाठी एक कुलूप तयार करवले. त्याचे नाव एएसीएस. हे कुलूप लोखंडाचे नसते. चित्रपट आकड्यांच्या रूपाने साठवलेला असतो. ते आकडे असे कालवून टाकायचे की योग्य संख्या हाती असल्याखेरीज कुणाला त्यांतून काही निघू नये. म्हणजे कुलूप हे गणित, आणि किल्ली ही एक संख्या. २००७ साली एका हौशी माणसाने ती संख्या शोधून काढली. त्या वेळेपर्यंत विकल्या गेलेल्या बहुतेक तबकड्या तिने उघडत. ती इंटरनेटवर फिरू लागताच कुलूपवाल्यांच्या वकिलांची पत्रे सुटली : ही संख्या काढून टाका. 'डिग' नावाच्या एका संकेतस्थळाने ती काढली. त्याबरोबर तिथले वाचक खवळले. १ मे २००७ या दिवशी त्यांनी त्या स्थळावर दुसरे काही दिसूच दिले नाही. जिकडे पाहावे तिकडे तीच संख्या. रात्री चालकाने हात टेकले आणि वाचकांच्या बाजूने उभे राहायचे ठरवले. मग लोकांना चेवच आला. कुणी तिला चाल लावून गाणे केले. कुणी तिचे तीन तीन तुकडे घेऊन प्रत्येकाचा एक रंग केला आणि पाच पट्ट्यांचा एक निशाण तयार केला. तो निशाण पाहणाऱ्याने बंदीतली संख्या पाहिली म्हणायची, की नुसते रंग पाहिले म्हणायचे?

संगणकाच्या सोळाच्या मोजणीत ही संख्या बत्तीस खुणांची आहे. आपल्या दहाच्या मोजणीत लिहिली तर ३८ अंकी होते, तेराने सुरू होते आणि शून्याने संपते. शून्याने संपते म्हणजे दहाने तिला निःशेष भाग जातो! चौथीतल्या मुलालाही तो भागाकार तोंडी येईल. आता समजा, मी वर्गात फळ्यावर तिचा दहावा हिस्सा लिहिला आणि म्हटले, "मुलांनो, याला दहाने गुणा." गुन्हा कुणी केला? मी, की शून्य देणाऱ्या मुलाने? हे मी एकदा वर्गात खरेच बोलून दाखवले (संख्या न लिहिता), तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मग त्याच्या पुढची संख्या कुणाची?" मी म्हटले, "पुढची कुणाचीच नाही." ती म्हणाली, "मग पुढची सांगून 'एक वजा करा' म्हटलं तर?" हिला पुढे वकील व्हायला सांगावे, असे माझ्या मनात आले.

मौज वाटते खरी; पण कायद्याचे म्हणणे एका वाक्यात हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १९९८ च्या अमेरिकन कायद्यात 'ही संख्या अमक्याची' असे कुठेही लिहिलेले नाही. त्यात एवढेच आहे की ग्रंथ, गाणे, चित्रपट यांच्या रक्षणासाठी घातलेले कुलूप फोडू नये, आणि ते फोडण्याचे साधन लोकांना पुरवू नये. मालकीचा उच्चार नाही. मनाई कृत्याला आहे. परंतु साधन म्हणजेच संख्या, आणि पुरवणे म्हणजे ती सांगणे, असे झाले की मनाई कृत्याची राहत नाही. तोंड उघडण्याचीच होते. जी वस्तू इतरांनी उच्चारायचीसुद्धा नाही ती एखाद्याच्या मालकीची नाही, असे म्हणण्यात मग उरले काय?

याच कायद्याखाली २००० साली न्यूयॉर्कमध्ये एक मोठा खटला झाला होता. आधीच्या पिढीच्या तबकड्यांचे, म्हणजे डीव्हीडीचे, कुलूप उघडणारी एक छोटी आज्ञावली १९९९ मध्ये बाहेर आली होती. ती प्रसिद्ध करणाऱ्यांत नॉर्वेचा योन योहानसेन हा पंधरा वर्षांचा मुलगा होता. अमेरिकेतल्या '२६००' नावाच्या नियतकालिकाने ती आपल्या संकेतस्थळावर दिली, आणि चित्रपट कंपन्यांनी त्याला न्यायालयात खेचले. वरच्या न्यायालयाने २००१ साली मान्य केले की आज्ञावली हेही एक प्रकारचे बोलणेच आहे. पण हे बोलणे नुसते बोलत नाही, कामही करते, आणि त्या कामाला आवर घालता येतो. नियतकालिक हरले. त्याच साली फिल कार्मडी या गणिताच्या शौकिनाने त्याच आज्ञावलीची एक मूळ संख्या करून दाखवली. तिचे १४०१ अंक होते. मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः यांवाचून जिला कशानेही निःशेष भाग जात नाही. २, ३, ५, ७ यांची थेट बहीण. गणितज्ञ अशा संख्यांच्या याद्या करतात, आणि त्या छापायला कोण बंदी करणार? युक्लिड अडीच हजार वर्षांपूर्वी नाही तरी सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सांगून गेला आहे की त्या अगणित आहेत. त्या अगणितांत एक चोरकिल्ली होती, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

इथपर्यंत मी मुलांच्या आणि त्या निशाणवाल्यांच्या बाजूचा आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. पण मी कादंबऱ्याही लिहितो. आणि तिथे माझी पंचाईत होते.

संगणकात प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. 'अ' म्हणजे २३०९, 'क' म्हणजे २३२५. 'श्याम' असे लिहायचे तर २३५८, २३८१, २३५१, २३६६, २३५० असे पाच आकडे ओळीने येतात. ते जोडून टाका. वीस अंकी एक संख्या झाली. असेच पुढे जात राहिले की माझी दोनशे पानांची कादंबरी ही एक भलीमोठी संख्या होते. (आपल्या ज्योतिषग्रंथकारांना यात नवल वाटले नसते. कटपयादी पद्धतीने अक्षरांत आकडे दडवून श्लोक रचणारी ती माणसे.) म्हणजे सर्व संख्या मोकळ्या म्हणावे तर माझी कादंबरीही मोकळी! तीन वर्षे पहाटे उठून मी जे लिहिले, ते संख्यांच्या अनंत रांगेत सृष्टीच्या आरंभापासून आपले उभेच होते. मी नुसते त्याच्याजवळ जाऊन पोचलो!

हे मला कबूल नाही. मूर्ती दगडात आधीच असते, मूर्तिकार फक्त वरचा दगड काढतो, असे म्हणतात. पण असे म्हणणाऱ्याने हातात छिन्नी घेऊन पाहावी. संख्या आधीपासून असेल. ती कुठे आहे हे कुणालाही ठाऊक नव्हते, आणि मोजत मोजत तिथे कुणी पोचलेही नसते. त्या ३८ अंकी संख्येपर्यंतसुद्धा कुणी पोचणार नाही. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. त्याचे सेकंद केले तर ती संख्या अवघी १८ अंकी होते. दर सेकंदाला एक याप्रमाणे विश्वारंभापासून मोजत बसलेला माणूसही अजून पायरीवरच असेल. माझ्या कादंबरीची संख्या तर लाखो अंकी. तिथे पोचायला मोजण्याचा उपयोग नाही. तिथे लिहीतच जावे लागते. माझा हक्क असलाच तर तो त्या चालण्याचा आहे. संख्येचा नव्हे.

आणि कायदाही मनातून हेच मानतो, याचा एक पुरावा माझ्यापाशी आहे. आपल्याकडे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० च्या जूनमध्ये गेले. म्हणजे 'श्यामची आई' हे पुस्तक, अर्थात त्याची ती लांबलचक संख्या, ३१ डिसेंबर २०१० च्या रात्रीपर्यंत हक्काखाली होती आणि १ जानेवारी २०११ च्या सकाळी मोकळी झाली. त्या रात्रीत संख्येचा एकही अंक बदलला नाही. मालकी संख्येत असती तर ती कॅलेंडर पाहून उडून गेली नसती. ती एका माणसाच्या आठवणीत होती, आणि समाजाने त्या आठवणीला एक मुदत घालून दिली होती.

आता किल्लीची संख्या पाहू. तिच्यात असे चालणे कुठे आहे? ती कुणी रचलेली नाही. फासे टाकल्यासारखी यंत्रातून पडलेली असते. सुंदर असावी, अर्थपूर्ण असावी अशी तिच्याकडून अपेक्षाही नसते. उलट जितकी निरर्थक तितकी चांगली. तिची सगळी किंमत एकाच गोष्टीत असते : ती कुणाला ठाऊक नाही. गुपित फुटले की तिच्यात काही उरत नाही. गुपित फोडणाऱ्यावर माणसाने रागवावे, त्याला बोल लावावा. पण साऱ्या गावाला कळल्यावर गावाने ते विसरावे असा हुकूम काढता येत नाही. कुलूपवाल्यांनी अखेर केले तेच शहाणपणाचे होते. त्यांनी नव्या तबकड्यांची किल्ली बदलली.

तरीही एक शंका मला छळत होती. उद्या माझ्या घराच्या आकड्याच्या कुलपाचे अंक कुणी वर्तमानपत्रात छापले, तर "आकडा काय कुणाच्या बापाचा आहे?" असे म्हणून मी हसेन का? मुळीच नाही. चोराच्या हाती किल्ली देणारा चोरीत सामीलच. मग तबकडीचे कुलूप आणि माझ्या घराचे कुलूप यांत फरक कोणता? बरेच दिवस मला उत्तर सापडेना. ते मिळाले पुन्हा योहानसेनच्याच खटल्यात. त्याला नॉर्वेतही न्यायालयात उभे केले होते. २००३ च्या जानेवारीत ओस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात वरच्या न्यायालयानेही तेच केले. कारण साधे होते : तबकडी त्याने पैसे देऊन घेतली होती, स्वतःच्या तबकडीतले पाहण्याचा त्याला हक्क होता. माझ्या घराचे कुलूप माझ्या घराला असते. तबकडीचे कुलूप गिऱ्हाइकाच्या घरातल्या, गिऱ्हाइकाच्या पैशाच्या वस्तूला असते, आणि किल्ली मात्र विकणाऱ्याच्या खिशात. कुलूप कुणाच्या दाराला आहे, हे आधी पाहायला हवे. आकडा कुणी उच्चारला हे मागाहून.

हे मी इतके ठासून लिहितो आहे, त्याला घरातलीच दोन कारणे घडली.

एकदा आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी माझ्या फोनवर एक पुस्तक पाठवले आणि खाली लिहिले : 'अवश्य वाचा. छान आहे.' उघडून पाहतो तो माझीच कादंबरी! कुणी तरी पाने एकेक करून छायाचित्रे काढली होती. काही पानांवर त्याचा अंगठाही आला होता. गृहस्थ सज्जन, त्यांनी लेखकाचे नाव वाचलेच नव्हते. मला हसू आले, आणि मग बराच वेळ आले नाही. त्या कादंबरीचे वर्षाला जे काही येते त्यातून घरात दिवाळीचे कपडे होतात. एवढी रक्कम सांगण्यासारखी नाही, पण नसण्यासारखीही नाही. त्या दिवशी आकड्यांच्या स्वातंत्र्याविषयी कुणी माझ्याशी बोलला असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवले असते.

दुसरी गोष्ट उलटी. एका दुकानातून मी एक जुनी, छापील मिळेनाशी झालेली कादंबरी फोनवर वाचण्यासाठी विकत घेतली होती. निम्मी वाचून झाली आणि फोन बिघडला. नव्या फोनवर पुस्तक उघडेना. दुकानाला दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. दिवाळीला पुतण्या आला होता, त्याला दाखवले. तो म्हणाला, "काका, यात काही नाही. हिची किल्ली म्हणजे एक आकडाच असतो. तुमच्या जुन्या फोनातून तो काढता येईल. काढू?"

मी एकदम हो म्हटले नाही. आपल्या कायद्यातही २०१२ साली कुलपाचे कलम आले आहे. फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ते मी दोनदा वाचले. पण आपल्या कलमात एक शब्द आहे, जो मला फार आवडला : हेतू. हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप फोडले तर शिक्षा. आणि कायद्याने जे स्पष्टपणे मना केलेले नाही, त्यासाठी उघडले तर हरकत नाही. अमेरिकन कायदा, काही अपवाद सोडले तर, कशासाठी उघडलेस हे विचारतच नाही. आपला विचारतो. माझा हेतू एकशे बेचाळिसाव्या पानापुढे काय झाले हे कळावे, एवढाच होता.

"काढ," मी म्हटले.

अर्ध्या तासात त्याने पुस्तक उघडून दिले. आकडा त्याने मला दाखवला नाही, आणि मीही मागितला नाही. मग सहज म्हणाला, "आता कुलूप गेलंच आहे, तर आत्यालाही पाठवून देतो. तिला अशा जुन्या कादंबऱ्या आवडतात."

मी म्हटले, "नको."

तो जरा चकित झाला. "अहो काका, आता तर नुसता आकडा आहे तो."

मी उत्तर दिले नाही. मला पान लागले होते. पुढे पुण्याला गेलो असता रद्दीच्या दुकानात त्या कादंबरीची एक प्रत मिळाली, मुखपृष्ठ नसलेली. ती मी बहिणीला टपालाने पाठवली. त्यातून त्या लेखकाच्या घरी एक पैसाही गेला नाही, हे माझ्या लक्षात आले ते पाकिटाला तिकिटे चिकटवताना.